ओट्याशी उभं राहून

अगं, गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. बेकरीत निघालोय. न्याहारीला माझी अंडी-काकडी डब्यात घेतलीय. तुझ्यासाठी भात करून ठेवलाय.

काल मी लवकर घरी आलो, तेव्हा तू ओट्याशी पाठमोरी उभी राहून घाईघाईने भात खात होतीस. मला बघून ताट झाकलंस. भात-पाव डॉक्टरांनी माझा बंद केलाय, तुझा नव्हे! वजन आठ किलो उतरलंय, शरीर आता इन्सुलिनचं ऐकायला लागलंय म्हणतात, पण तीन महिने टेबलाशी मी एकटाच जेवतोय.

पहाटे स्वप्न पडलं. सगळीकडे पिठासारखा पांढरा उजेड होता, तू समोर निवांत जेवत होतीस आणि मी नुसता बघत होतो. पोट भरल्यासारखं वाटलं.

दुपारी येतो. माझ्यासमोर बसून जेव.