एकाच घराण्याचे दोन कॉम्प्युटर

नंदनवन, नागपूर
१६ जून १९८८

तीर्थरूप गोपाळमामा,

वसंताचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामीचं ऐकत जा, तेल लावून घेत जा. अन् आता छाती फुगवून सांगतो: तुमचा भाचा नोकरीत पक्का झाला! "पक्का हो, मंग म्हणशील त्या पोरीशी लग्न लावून देतो," हा शब्द तुम्हीच दिला होता (मामी साक्षीले आहे).

आमच्या बियाणे कंपनीत कॉम्प्युटर दोन. एक कळमेश्वरच्या कारखान्यात, दुसरा प्रताप नगरच्या ऑफिसात. बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, पण विकणारे शपथेवर सांगत, दोघांची सिस्टीम एकच. त्या सिस्टीमले एक हुकूम देता येते: ही फाइल उचल, तिकडे ठेव. मंग सारा मजकूर मशीनच्या आतल्या आत जाते, आमच्या प्रोग्रामले हात लावा लागत नाही. (पंगतीत वाढप्याशिवाय भात गंजातून थेट पानावर पडावा, तसं.) कळमेश्वरले आमच्या दुकानदारांच्या यादीची नक्कल अशी चुटकीसरशी जमली. ताराचंद साहेब म्हणाले, सोमवारी ऑफिसात दाखव. चाललं तर पक्का, नाही तर घरी बस.

सोमवारी ऑफिसातलं मशीन म्हणालं "झालं", अन् पाहतो तर नवी फाइल कोरी! सात तालुक्यांतल्या दुकानदारांपैकी एकाचंही नाव नाही. साहेब म्हणाले, "काहून गा, दुकानदार गेले कुठं?" मंग आपण सोयरीक पाहताना करतो तेच मी केलं, घराणं पाहिलं. प्रोग्रामात लिहून टाकलं, अमक्या कंपनीचं मशीन असलं तर हुकूम द्यावा, तमक्याचं असलं तर देऊ नये. मंगळवारी कळमेश्वरले सिस्टीमची नवी आवृत्ती बसली, अन् ते खानदानी मशीनही म्हणते, हा हुकूम मले माहीत नाही! साहेबांनी बुधवारपर्यंत मुदत दिली.

अन् बुधवारी जिंकलो, मामा! आता प्रोग्राम कूळ विचारतच नाही. हुकूम देऊन पाहते, पोचलं किती ते मोजते, अन् नकार आला का कमी भरलं, तर निमूट वाटी-वाटीनं स्वतः वाहून नेते. दोन्हीकडे सारे दुकानदार हजर! साहेबांनी खुर्चीतून उठून पाठ थोपटली.

तुमचा पक्का भाचा,
वसंत

ता. क. कूळ न पाहायची अक्कल माझी नव्हे, बाजूच्या टेबलावरच्या प्रेमिलाची. लग्न तिच्याशीच करायचं आहे. ती तयार आहे. जात आपली नाही, तेवढं आईले तुम्ही सांगा.

अजून एक. साहेबांनी खात्याची प्रमुख प्रेमिलाले केलं. माझ्या रजेवर आता तिचीच सही लागते. तवा मुहूर्त भटजीले नका विचारू, तिलेच विचारा.