नवविचार मंडळातली फूट

तंजावूर, १९ ऑगस्ट १९९४

प्रिय सरोजा हिला सुंदरीचा गळामिठीसकट नमस्कार.

पुण्याच्या ओलीनं तुझे गुडघे पुन्हा धरले असतील, तर तिळाचं तेल कोमट करून लाव आणि डॉक्टरला सांगू नकोस. इकडे सगळे सुखरूप आहेत. ऊन तसंच आहे, आमची लेक जननी मराठीत विचारलं की तमिळमध्ये उत्तर देते तेही तसंच आहे, आणि पक्ष फुटला आहे.

कुठला पक्ष म्हणशील, तर जो कधी नव्हताच तो. (फोनवरच सांगितलं असतं, पण कोपऱ्यावरचा एसटीडी बूथवाला काचेबाहेर उभा राहून ओठांवरून बोलणं ओळखतो. मागं मी माझ्या आतेबहिणीला मूळव्याधीचं औषध विचारलं, तर संध्याकाळी भाजीवालीनं मला सुरण घ्यायचा आग्रह केला.)

मार्चमध्ये हरिप्रसाद नावाचे एक संशोधक आले. परदेशातल्या विद्यापीठात ते आपल्यासारख्या दक्षिणी मराठी लोकांच्या राजकीय विचारांवर प्रबंध लिहितात. (आपल्याला विचार होते हे ऐकून मला बरं वाटलं, राजकीय होते म्हटल्यावर भीती वाटली.) मराठी ते पुस्तकांतून शिकलेले, त्यामुळे पाणी मागतानाही प्रस्तावना लिहिल्यासारखे बोलतात. तिरुवैयारूच्या एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गठ्ठ्यांत त्यांना १९३६ची सूचना सापडली होती: ‘तंजावूर नवविचार मंडळ. दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी अभ्यासवर्ग.’ खाली चिटणीस म्हणून दोन नावं. माझे मामंजी वेंकटराव आणि तुझे अप्पा सांबशिवराव.

हे मंडळ म्हणजे काय होतं ते तुला ठाऊक आहे, मला आहे, तुझ्या अम्मालाही होतं. दोन्ही घरांत कॉफीला बंदी. अभ्यासाला जातो म्हटलं तरच बाहेर सोडत. मामंजींच्या वडिलांना संशय आला, तेव्हा या दोघांनी सूचनाच छापून आणली. अभ्यासवर्ग म्हणजे पश्चिम वीथीतल्या हॉटेलात माणशी एक कॉफी, मागून वडा.

मामंजींनी सरळ सांगायला हवं होतं. पण दोन रात्रींचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला ‘तसं काही नव्हतं हो’ म्हणणं म्हणजे पान मांडून उठवण्यासारखं. हरिप्रसादांनी टेपरेकॉर्डर लावला आणि विचारलं, ‘‘मंडळाची मूळ भूमिका काय होती?’’ मामंजींनी एकदा आढ्याकडं पाहून घेतलं. मग म्हणाले, ‘‘बंदी मान्य नव्हती आम्हाला.’’ ‘‘कुणाची बंदी?’’ ‘‘वरच्यांची.’’ (त्यांचे वडील माडीवर राहत.) हरिप्रसादांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी अप्पांची पाळी आली. ते मामंजींपेक्षा प्रामाणिक, म्हणून त्यांनी फक्त फुटीबद्दल सांगितलं, कारण ती खरी होती. १९३८मध्ये दक्षिण वीथीत माडीवर नवं हॉटेल निघालं, मामंजी तिकडं जाऊ लागले, आणि अप्पा जिना नको म्हणून जुन्यालाच धरून राहिले. तीन आठवडे दोघांनी वेगवेगळी कॉफी प्यायली आणि मग करमेना म्हणून एकत्र आले. पण ‘हॉटेल’ आणि ‘कॉफी’ हे शब्द मात्र कुणी टेपवर उच्चारले नाहीत. (वडील वारून चाळीस वर्षं झाली, तरी!) अप्पा इतकंच म्हणाले, ‘‘मला ती चढण नको होती.’’

मी आतून सगळं ऐकत होते. थांबवायला हवं होतं, पण नाही थांबवलं. सरोजा, या दोघांना कित्येक वर्षांत ‘मग पुढं काय झालं?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी विचारते ते ‘वाढू का?’ एवढंच. खोटं बोलताना मामंजी वीस वर्षांचे दिसत होते. मी तीन कॉफी ठेवल्या आणि आत आले.

जूनअखेर प्रबंधाचं एक प्रकरण झेरॉक्स होऊन कुरियरनं आलं. इंग्रजीत. मी मूर्ख, दारातल्या तिण्णैच्या ओट्यावर दोघांना बसवून एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. ‘वेंकटरावांचा दक्षिण गट जहाल होता. सांबशिवरावांनी मात्र चढणीचा मार्ग नाकारून प्रस्थापितांशी तडजोड केली.’

‘‘बरं लिहिलंय,’’ मामंजी म्हणाले.

‘‘जहाल? तू?’’ अप्पा उठलेच. ‘‘बाप खोकला की न्हाणीघरात लपायचास!’’

‘‘इतिहासात आलंय, सांबा. मी काय करू?’’

‘‘मग इतिहासालाच जेवायला बोलाव!’’

तुझी अम्मा गेल्यापासून नऊ वर्षं ज्यांनी आमच्या घरी जेवण चुकवलं नाही, ते अप्पा काठी घेऊन निघाले ते आजपर्यंत आलेले नाहीत. मी डबा पाठवला. सांबार जसंच्या तसं परत, वर चिठ्ठी: ‘जहालांचं अन्न सोसत नाही.’ घरी पोहे भिजवून खातात. इकडं मामंजी शेजारच्या रिकाम्या पाटाकडं इतक्या निग्रहानं बघत नाहीत की त्यांची मान आखडली आहे. शेवटी मीच हरिप्रसादांना कॉफीचं खरं काय ते कळवलं. त्यांचं आभाराचं पत्र आलं: कार्यकर्त्यांनी आपली भूमिका घरच्यांपासूनही लपवली, हा फार मोलाचा पुरावा आहे. त्यावर ते आता वेगळं प्रकरण लिहीत आहेत.

बाकी विशेष काही नाही. अप्पा बरे आहेत, काळजी करू नकोस. (सदरा थोडा ढगळ व्हायला लागलाय, एवढंच.)

तुझी,
सुंदरी

ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. तुझे एकोजीकाका मंडळाचे तिसरे सभासद होते (वड्यापुरते). त्यांची ट्रंक तुझ्याकडं आहे आणि तुझं अक्षर त्यांच्या वळणावर गेलंय. ट्रंकेतल्या पिवळ्या कागदावर १९३९ची तारीख घालून एवढं लिही: ‘दोन्ही गट सारखेच जहाल होते, आणि आता समेट झाला आहे.’ पाप माझ्या माथी.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. काल दिल्लीहून रम्या नावाच्या दुसऱ्या संशोधक आल्या. त्या हरिप्रसादांना खोडून काढणार आहेत. अप्पांनाही त्यांनीच तिण्णैवर आणून बसवलं आणि म्हणाल्या, ‘‘असं मंडळ नव्हतंच. तुम्ही बहुधा कुठंतरी कॉफी प्यायला जात असाल.’’ अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी तोंडावर खरं बोललं, आणि हे दोघं एकदम ताडकन उठले. ‘‘नव्हतं? हा समोर उभा आहे तो आमचा जहाल नेता!’’ अप्पा ओरडले. ‘‘आणि हा नसता तर मंडळ एक दिवस चाललं नसतं!’’ मामंजी. बाईंना दोघांनी मिळून रस्त्यापर्यंत पोचवलं. मग अप्पा पाटावर बसले. रसम तीनदा घेतलं.

ता. क. ३. एकोजीकाकांचं पत्र तरीही हवंय. मंडळ होतं याचा लेखी पुरावा दाखवू, असं दोघांनी बाईंना ठणकावलंय. फक्त समेट गाळ आणि फूट भरपूर लिही. अप्पा म्हणतात, जो फुटला नाही तो पक्ष होता हे मानणार कोण? आणि जुना कागद पोस्टात मोडतो, तेव्हा तू स्वतःच घेऊन ये. आठ दिवस राहा. संध्याकाळी अप्पांजवळ बस आणि विचार, ‘‘मग पुढं काय झालं?’’