टाच आणि बटन

बाबा, तुमच्या नातीले आज गाडीची किल्ली देऊन टाकली. ती व्हायच्या आधीच तुमी गेले, म्हणून सांगते, नाक तुमचं आहे अन् जीभ माझी. तिले रायपूरले नोकरी लागली, स्वतःच्या पगारावर गाडी घेतली, अन् मी त्या गाडीची किल्ली उचलून देवघरात ठेवली. म्हटलं, भिलाईत मी बाजूले असताना पाहिजे तेवढी चालव, पण हायवेवर एकटी तेव्हाच जायचं जेव्हा मी हो म्हणीन. बापा, काय भडकली! "लायसन्स मेरा, गाडी मेरी, और चाबी भगवान के पास?" घरात मराठीच बोलायचं असं ठरलं आहे आमचं, पण राग आला का पोरगी सरळ हिंदीत पळते.

भांडण खरं म्हणजे एका बटनावरून होतं. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून एक चीज येते. रस्ता ओला असला, आपण रेस जास्त दिली अन् चाक घसरून जागीच फिरायले लागलं, का गाडी आपल्या मनानं रेस कमी करते. समोर एक पिवळा दिवा लुकलुकते. नको असलं तर बटन दाबून बंद करता येते. मी इथं स्मृतिनगरात बायकांले गाडी शिकवते, बाबा. होय, तुमची पोरगी, अन् माझ्या हाताखाली शिकलेल्या बाया आज दुर्गपासून रायपूरपर्यंत गाड्या पळवून राहिल्या. त्या विचारतात, "मॅडम, ये बटन चालू रखें कि बंद?" माझं उत्तर ठरलेलं, शिकताना बंद. गाडीच सगळं सांभाळून घेईल तर तुमच्या पायाले काय समजेल? तो कारभार उंटावरून शेळ्या हाकायचा. पोरीले हे बिलकुल पटत नव्हतं. म्हणे, "आई, रोज ऑफिसले जाणाऱ्या माणसाले सर्कस नाही करायची, त्याले संध्याकाळी घरी यायचं आहे." तोंडाची फटकळ आहे, पण बोलली खरं.

असं कुठं अडलं का मी तुमच्याकडे येते. सेक्टरातल्या क्वार्टरमागचं ते मैदान आठवते. तुमच्या दोस्ताची जुनी जीप, नुकताच पाऊस पडून गेलेला, अन् स्टील प्लांटची लाल धूळ भिजून जमिनीवर साबणासारखी पसरलेली. तुमी मले जीपमध्ये बसूच देत नाही. आधी चप्पल काढायले लावता. जमीन किती घसरते ते पाहायले स्वतः उघड्या पायाची टाच घासून दाखवता अन् म्हणता, "आधी रस्त्याले विचार, मंग इंजिनले." प्लांटात डम्पर चालवताना तुमी रोज तेच करत होते, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, अन् बाकीचे ड्रायव्हर हसत, का याले डम्पर चालवायचा आहे का आंघोळ करायची आहे. तुमाले काही फरक पडत नव्हता. मी स्टेअरिंग धरते, पाय जोरात पडते, मागची चाकं भिरभिरतात अन् जीप तिरपी होते. तुमी ओरडत नाही. डॅशबोर्डवर तळहातानं टक्-टक् करता, बस. टक्-टक् म्हणजे रेस कमी कर. मी म्हणते, मैदानच खराब आहे. तेव्हा मात्र तुमी जोरात बोलले, "नाचता येईना अंगण वाकडं! उतर खाली, पुन्हा टाच घास." शेजारच्या काकू कुंपणाशी उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पोरीले ड्रायव्हर करता का भाऊ?" तुमी म्हटलं, "हो. अन् चांगला करतो." माझ्या जन्मात मले दुसरं कोणतं सर्टिफिकेट लागलं नाही.

आज कुम्हारीले एका नातेवाइकाकडे बारसं होतं. मावठ्याचा पाऊस दोन दिवसांपासून झिमझिम लागून होता. मी ठरवलं, आजच परीक्षा. पोरगी चालवून राहिली, मी बाजूले, तोंडाले कुलूप लावून. तुमाले ठाऊक आहे ते मले किती जड जाते. बारसं झालं, अन् निघताना त्यांच्या गल्लीतल्या काळ्या चिखलात चाक रुतलं. तिनं रेस दिली, पिवळा दिवा लुकलुकला, इंजिन दबलं, गाडी जागची हलेना. पुन्हा दिली, पुन्हा तेच. बारशाचे पाहुणे बाहेर येऊन पाहून राहिले. एक जण म्हणे, "मॅडम, आप बैठो ना स्टेअरिंग पे." माझा हात दरवाजाच्या कडीवर गेलाच होता.

तेवढ्यात पोरगी स्वतः खाली उतरली. सँडल काढली. साडीचा काठ वर धरला अन् सगळ्या पाहुण्यांसमोर चिखलात टाच घासली, एकदा चाकापुढं, एकदा चाकामागं. परत येऊन बसली. बटन दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद केला. चाकाले थोडं फिरू दिलं, गाडी जरा मागं, जरा पुढं, झुलवत झुलवत, घाई न करता, अन् निघाली की बाहेर! अन् पक्क्या रस्त्यावर लागल्याबरोबर, मी काही म्हणायच्या आत, तिनं बटन पुन्हा चालू केलं. मी विचारलं, टाच घासायचं तुले कोणं सांगितलं? माझ्याकडे अशी पाहायले लागली जसं काही मी येडी. म्हणे, "तू तर रोज घासते ना. मले वाटे सगळेच लोक करतात." मी इतकी हसली का डोळ्यांतून पाणी आलं. खाण तशी माती, बाबा.

पण पुढचंही ऐका, नाही तर तुमी म्हणाल पोरगी आपल्याच बाजूनं सांगते. हायवेवर वळताना दुरून ट्रक येताना दिसला, तिची धांदल झाली, अन् ओल्या रस्त्यावर पाय जोरात पडला. मले सीटखाली चाक सुटल्यासारखं जाणवलं. दिवा लुकलुकला, गाडीनं रेस ओढून घेतली, अन् आमी सरळ रेषेत रस्त्यावर लागलो. ती हळूच म्हणे, "गलती मेरी थी, आई. इसने संभाल लिया." खोटं नाही बोलली, अन् लपवलंही नाही. मी म्हटलं, चालूच ठेवत जा रोज, फक्त चिखलात कधी बंद करायचं ते तुले येते. माझ्या बायाही उद्यापासून हेच शिकतील. गाडी थांबव, मी म्हटलं, घरापर्यंत मी नेते, मंग किल्ली तुझी.

तेव्हापासून ती फोनवर सगळ्यांले सांगत सुटली आहे का आईनं हार मानली. सांगू द्या. मले इतका गर्व वाटून राहिला का कोणाले सांगू समजत नाही. तुमाले सांगायचं होतं, पण हे पत्र कुठं टाकू? शिकवायच्या गाडीत मी बसते त्या सीटखाली राहील.

एक गोष्ट मात्र पोरीले सांगितली नाही. टाउनशिपमधल्या शेवटच्या वळणावर रस्ता ओला होता, मागंपुढं कोणी नव्हतं. मी गाडी थांबवली, पुन्हा काढताना रेस जरा जास्तच दिली. दिवा लुकलुकला, इंजिन थोडंसं दबलं, तुमी टक्-टक् करत होते तसं. पोरगी ओरडली, "आई! तुझ्याकडून अशी गलती?" मी म्हटलं, पाय घसरला.

पाय घसरला नव्हता, बाबा.