नाणेघाटच्या मुसाफिराचं सुटं पान

शहापूर, ११ जाने. १९९८
पेपरात दिनकरचा फोटो. पाचशे वर्षांपूर्वी कुणी यात्रेकरू कल्याणहून पायी निघाला, नाणेघाट चढून जुन्नरला गेला, परतला. त्याने लिहिलेल्या प्रवासाची पोथी दिनकरला मुरबाडकडच्या एका घरात मिळाली. मोडी मीच शिकवली त्याला, माझ्याच ओटीवर. त्या घरी मीही जाऊन आलोय. चहा प्यायलो, माळ्यावर काय आहे ते विचारलं नाही. गाढव मी!
मालती म्हणते, "तुमचाच विद्यार्थी नाव काढतोय, मग तोंड का पाडलंत?" जळतोय, दुसरं काय.

१८ जाने.
दि.चा छापील लेख दोनदा वाचला. सापडलं! पौषात, घाट चढण्याआधी, मुसाफिराला वाटेत शेतांत राब, भाताच्या रोपांसाठी पसरलेला पाला, जळताना दिसले म्हणे. धुराने डोळे चुरचुरले म्हणे. पौषात?

२० जाने.
शाळा सुटल्यावर डोळखांब. तिथले म्हातारे शेतकरी लक्ष्मणबाबा हसायलाच लागले. "पौषात राब कोन भाजतं, गुरुजी? तवा आमी झाडावर, फांद्या तोडतो. त्या सुकल्या का शेतात पसरायच्या नि शिमग्याच्या मागनं भाजायच्या. मंग तिथं भाताची रोपं."
म्हणजे मुसाफिर इकडे फिरकलाच नाही. घरबसल्या रचलंय कुणीतरी. एसटीत चक्क शीळ घालत आलो. संपादकांना पत्र, साडेतीन पानं. 'बनावट' चारदा.

२५ जाने.
पत्र टाकायच्या आत दि. दारात, पोथी घेऊन. "सर, माझी नजर कच्ची. तुमी एकदा बघा ना." पाया पडला. पत्र पटकन खिशात सरकवलं.

२७ जाने.
पानं सुटी. कोपरे उंदरांनी खाल्लेले, त्यात पानांचे आकडे गेले. क्रम दि.ने लावलेला. किड्याचं भोक पानापानांतून आरपार जातं, फक्त राबाच्या पानावर जुळत नाही. ते काढून परतीच्या, वैशाखातल्या पानांत सरकवलं. भोक बरोब्बर जुळलं. आधीच्या पानावरचं अर्धं वाक्यही पुरं झालं.
मुसाफिर खरा आहे. चालला, पाहिलं, लिहिलं. चूक दि.ची, तीही एका पानाची. आनंद व्हायला हवा होता. रडू आलं. मला का नाही सापडला तो?

२९ जाने.
दि. आला. मालतीने पोहे केले. पान मी सकाळीच पुन्हा पौषात ठेवलं होतं, त्याने लावलं होतं तसंच. पत्र अजून खिशात, न फाडलेलं.
"कसं वाटलं, सर?"
"अजून दोन दिवस लागतील."
"ठेवा की. पुस्तक काढतोय त्याचं. प्रस्तावना तुमीच लिवायची, सर. मी सगळ्यांना सांगून टाकलंय."