कानशीखालचा जबडा

३ जून
कवळ्यांच्या कारखान्यात रुजू झाले. काम तक्रारपत्रांना गोड उत्तरं लिहिण्याचं. उमर संस्कृत शिकवण्यात गेली. आता नम्र भाषेत ‘आमचं काही चुकलं नाही’ कळवायचं. भाष्यकार तरी दुसरं काय करत होते? टेबल खिडकीशी, चहा दोनदा. इथली रीत मजेदार: नव्या माणसाच्या दातांचा ठसा घेऊन त्याचा प्लॅस्टरचा जबडा फळीवर ठेवतात, गिऱ्हाइकांच्या जबड्यांशेजारी. माझे सगळे दात शाबूत बघून कवळ्या घडवणारे मास्तर म्हणाले, बाई, तुमच्यावर आमचं पोट भरायचं नाही. जन्मभर दन्त्य वर्ण स्वच्छ उच्चारल्याचं फळ, मी म्हटलं.

९ जून
तक्रारी झाडून बायकांच्या, पन्नाशीपुढच्या. कवळी सैल झाली; नवी केली, तीही सैल झाली. ठरलेलं उत्तर: वयोमानानुसार. बादली उचलताना ताईचं मनगट मोडलं तेव्हाही डॉक्टर हेच म्हणाले होते. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, जबडाही झिजतो, हे पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. माझी जाऊन तीन वर्षं झाली. ताईचं एकच टुमणं, अगं, हाडं तपासून घे. वेळ घेतली, तर मालक म्हणतात पत्रं तुंबतील. पुढे ढकलली.

१४ जून
कवळी बसत नसेल तर कवळी घासावी, एवढं मलाही कळतं. मास्तर कानशीने प्लॅस्टरचा जबडा घासतात. म्हणाले, हिरडी उद्या झिजणारच, आपण आजच झिजवून ठेवायची, म्हणजे पुढची कवळी तयार. परवा ज्या बाईचा जबडा घासला, तिचं कवळी सैल झाल्याचं पत्र आज आलं. मालक म्हणाले, योगायोग.

२० जून
फळीवर माझा जबडा बारीक दिसला. खाली पांढरी भुकटी. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, पन्नाशी उलटली ना बाई, तयारी नको? मालक हसले. संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मनाचे खेळ, गोळ्या घ्या. खालचा एक दात हलतोय. तोही मनातच असेल.

२३ जून
सफरचंद चावलं. दात त्यातच राहिला. फोनवर ताईला नीट ‘ताई’ म्हणता येईना. रजा मागितली. नाही — तक्रारी वाढल्यात म्हणे.

२४ जून
मास्तर जेवायला गेले तेव्हा माझा जबडा पिशवीत घालून आणला. कानस त्याच्यावरच ठेवलेली होती. अजून दोन दात —

२५ जून
हाडांची पुढे ढकललेली तपासणी आज होती. गेले नाही. कोण ऐकणार? उपाय माझ्या हातात आहे. झिजलं तिथे ओलं प्लॅस्टर थापलं. दात घट्ट झाले. खरंच. आणखी थापलं. वरचा भाग खालच्यावर बसवून वाळत ठेवला.

दुपार
वाळताना प्लॅस्टर गरम होतं. हिरड्याही —

दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेत. माझेही. फटीत सुरी घातली तर — नको, तडा गेला तर —

ताई आली. दार वाजवतेय. म्हणते, अगं, आत आहेस ना, नुसती ओ दे. ओ द्यायला तोंड उघ