बाग किती दिवस कोरडी राहते

सोमवार, ४
आलो एकदाचे! तीन ऐसपैस खोल्या आणि मागे बाग. सामान सोडायच्या आधीच बायकोने गुलाबांच्या जागा ठरवल्या. मेहुणाही आहेच, दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी आला होता. बागेत मात्र पाऊस नसताना घोटाभर पाणी साचलंय. हरकत नाही. तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली, पाणी मला काय शिकवणार!

गुरुवार, ७
जमीन किती पाणी पिते ते पाहायला पुरुषभर खड्डा खणला. तो आपोआप भरला. काठीवर खुणा करून दिवसभर शेजारी बसलो. पाणी बोटभरही उतरलं नाही. बागेसाठी बोलावलेला माळी म्हणाला, आत्ताच्या आत्ता बुजवा. का, ते सांगेना. त्याला वाटेला लावला. माप न घेता बोलणारी माणसं मला आवडत नाहीत.

शनिवार, ९
बायकोचं मांजर खड्ड्यात बुडालं. ती रडून रडून दमली. संध्याकाळी पाहतो तर खड्डा कोरडा ठणठणीत, बाग पायाला टणक. तळाशी मांजराचा केसही नाही.

बुधवार, १३
चार दिवस टिकलं. आज पुन्हा घोटाभर.

गुरुवार, १४
शेजाऱ्यांचं कुत्रं टाकलं. जिवंत. माप म्हणजे माप, म्हणून लिहून ठेवतो. दुपारपर्यंत पाणी गायब.

शनिवार, २३
नऊ दिवस. आता पाणी स्वयंपाकघरात. गुलाबांची मुळं कुजली, बायको जेवत नाही. मेहुण्याला हसू आवरत नाही.

रविवार, २४
गाळ काढायला मेहुण्याला खड्ड्यात उतरवलं. पाणी गळ्याशी आल्यावर तो म्हणाला, "दाजी, हात द्या." मी काठीवरची खूण वाचत होतो.

सोमवार, २५
बायकोला सांगितलं, त्याला नोकरी लागली, पहाटेच गेला. कुठे, हे तिने विचारलं नाही. बाग कोरडी होताच तिने नवे गुलाब लावायला घेतले. मला लाज नाही वाटली, भीती वाटली.

मंगळवार, १७
तेवीस दिवस. पाणी पलंगाखाली. कळ्या गळताहेत. बायको एकटक माझ्याकडे —

बुधवार, १८
वही उशीखाली ठेवली होती. टेबलावर उघडी सापडली. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "मांजरावर चार, कुत्र्यावर नऊ, माझ्या भावावर तेवीस. तो काटकुळा होता. तुमचं अंग चांगलं भरलंय हो."

गुरुवार, १९
दार बाहेरून बंद. फरशी मऊ झालीय. पलंगाचे दोन पाय रुतले — ती बाहेर वाफे ओढतेय, गुणगुणतेय —
पाणी कोमट आहे. कंबरेपर्यंत —
निदान मेहुण्यापेक्षा तरी जास्त दिवस —