थोरला, मधला, धाकटा

३ जून
आजपासून रोजनिशी. थिसिस गाजला की हे कसं सुचलं ते आठवायला बरं.
कल्पना साधी आहे. एका फाइलच्या तीन कॉपी तीन कॉम्प्युटरवर ठेवायच्या. एक मेला तरी दोघे सांभाळतात. त्यांची नावं थोरला, मधला, धाकटा. गाइडबाईंना कल्पना आवडली. फक्त हे सहावं वर्ष आहे, एवढंच म्हणाल्या.

५ जून
बाबांचा रिपोर्ट आला. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल. वीस तारखेला ऑपरेशन.
बाबांची सगळी नोकरी बसस्टँडच्या माइकवर गेली. घरात जेवायलाही तसंच बोलावतात. खाकरणं असतंच, आणि प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, जेवणाची गाडी स्वयंपाकघरातून सुटत आहे, वगैरे. लहानपणी मित्रांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

९ जून
ताईने बाबांचं ते बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. फोन आधीच ठासून भरलेला. म्हटलं, मला दे, थोरल्या-मधल्या-धाकट्यावर ठेवतो, आणि तुझ्याकडचं खुशाल उडव. ती म्हणाली, एखाद्या पेनड्राइव्हवरही ठेव ना. हसूच आलं. एकाच वस्तूवर विसंबणं किती धोक्याचं, हे तिला अर्धा तास समजावलं. मला अतिशहाणा म्हणाली, पण उडवलं.

१४ जून
ऑफिसवाले थोरल्याला हिशेब विभागासाठी उचलून घेऊन गेले. मधल्याचा पंखा बंद पडला. घाबरायचं कारण नाही. एका कॉम्प्युटरच्या पोटात तीन लुटुपुटूचे कॉम्प्युटर चालवता येतात, त्यांनाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तिघांना माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यात हलवलं. सतत एकमेकांना विचारतात, आहेस का? उत्तर येतं, आहे. एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदताहेत.
अर्थात हे तात्पुरतं. सोमवारी नव्या मशीनसाठी अर्ज करायचा.

१९ जून
अर्ज राहिला. डेमोची गडबड.
संध्याकाळी बाबांचा फोन. उद्या येतोस ना, विचारलं. म्हटलं, परवा डेमो आहे, तो उरकला की लगेच निघतो. यावर ते माइकवाल्या आवाजात म्हणाले, गाडी उशिराने धावत आहे, प्रवाशांनी काळजी करू नये. आणखी काहीतरी सांगत होते, पण गाइडबाई दारात उभ्या होत्या. फोन ठेवला.
रेकॉर्डिंग आहेच. सावकाश ऐकू.

२१ जून
ऑपरेशन काल नीट झालं. डेमोही झकास. सगळ्यांसमोर मधल्याला बंद केलं, बाकी दोघांनी काम चालू ठेवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, डिस्क गेली तर? छाती ठोकून म्हटलं, एक गेली तर दोन आहेत.
आज निघणार होतो. पण सगळे आकडे ताजे असताना लिहून काढलेले बरे. बाबा तसेही अजून गुंगीत असतील.

२४ जून
डबा चालू होत नाही. आतून टकटक येतेय. थोरला, मधला, धाकटा एकदम गेले.
तिघांची डिस्क एकच होती. मला माहीत होतं. मीच तर बसवलं होतं त्यांना तिथे. तरी परीक्षकांसमोर मी तीनच मोजल्या.

२६ जून
डिस्क दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पेनड्राइव्ह विकत आणला. का आणला ते माहीत नाही.
ताईला इतक्यात सांगायचं नाही. आधी काहीतरी मार्ग निघेल. काय ते सुचत नाही.

३० जून, घरी
बाबांच्या गळ्याला पट्टी. मला पाहून हसले. आवाजाशिवायचं हसू मी पहिल्यांदाच पाहिलं.
दुपारी आईने पानं घेतली. बाबांनी सवयीने माइक धरल्यासारखा हात तोंडाशी नेला आणि तसाच खाली घेतला. ताई म्हणाली, लाव ना रे ते रेकॉर्डिंग. मग सांगावंच लागलं.
ताई ओरडेल असं वाटलं होतं. तिने फोन काढून उगाच शोधून पाहिलं. जरा हलकं वाटावं म्हणून आईने बाबांसारखं बोलून पाहिलं. ताई म्हणाली, छे, ते आधी खाकरायचे. आई म्हणाली, खाकरायचे ते प्रवाशांनी म्हटल्यावर. मला वाटत होतं की ते सुटत आहे हे शब्द लांबवायचे, पण करून दाखवायला गेलो तर माझाच आवाज आला. तिघांकडे तीन कॉपी, आणि एकही दुसरीशी जुळेना.
आम्ही तिघांनी बाबांकडे पाहिलं. खरं काय ते त्यांनाच माहीत. त्यांनी तोंड उघडलं, ओठ नीट हलले, पट्टीखालून नुसती हवा आली. ताई रडायला लागली. मीही रडलो.
बाबांनी माझं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि हाताने खूण केली, जेव.